आग बघायला खिडकीत का जाऊ नये? : दोन बंदरांचा इतिहास

मे 2024 मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्फोट झाला, तेव्हाचे व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. त्याआधी मे 2016 मध्येही तिथे असेच घडले होते. दोन्ही वेळा आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. असे कितीतरी व्हिडिओ बाल्कनीतून किंवा खिडकीतून काढलेले असतात. धूर दिसला की आपण खिडकीकडे धावतो, हा माणसाचा स्वभावच आहे. पण डॉक्टर म्हणून मला या सवयीची भीती वाटते. का, ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

आधी आपली मुंबई. 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्यात सुमारे 1,400 टन स्फोटके आणि कापसाच्या हजारो गासड्या होत्या. दुपारी आग लक्षात आली. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतले, पण दाट धुरात आगीचे मूळ सापडेना. जहाज जागीच बुडवावे की समुद्रात ओढून न्यावे, यावर निर्णय झाला नाही. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. आठशेहून अधिक माणसे गेली. त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते. 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो याच दिवसाच्या स्मरणार्थ. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचाही तडकल्या.

आपल्याकडे ही गोष्ट बहुधा ‘आकाशातून सोन्याच्या विटा पडल्या’ अशी सांगतात. जहाजात सोने होते, हे खरेच. पण मला त्या सोन्यापेक्षा आग दिसल्यापासून स्फोट होईपर्यंतचे दोन तास जास्त मोलाचे वाटतात. तेवढ्या वेळात गोदीभोवतीची वस्ती दूर हलवता आली असती. तसा इशारा कोणी दिला नाही.

दुसरे बंदर कॅनडातले, हॅलिफॅक्स. 6 डिसेंबर 1917, पहिल्या महायुद्धाचा काळ. सकाळी नऊच्या सुमारास दोन जहाजांची टक्कर झाली. त्यातले ‘माँ ब्लाँ’ हे फ्रेंच जहाज दारूगोळ्याने भरलेले होते. ते पेटले आणि जळत किनाऱ्याला लागले. आत काय आहे हे गावात फारच थोड्यांना ठाऊक होते. खलाशी पलीकडच्या काठाला पळताना ओरडत होते, पण फ्रेंचमध्ये. जवळजवळ वीस मिनिटे लोक तो जाळ बघत राहिले. खिडक्या बंद आणि माणसे काचेला नाक लावून उभी. 9 वाजून 4 मिनिटांनी स्फोट झाला.

सुमारे दोन हजार मृत्यू, नऊ हजार जखमी. पण आम्हा डॉक्टरांना हे गाव आठवते ते डोळ्यांमुळे. जवळपास 5,900 नेत्रजखमांची नोंद झाली आणि 41 जणांची दृष्टी कायमची गेली. कॅम्प हिल रुग्णालयात त्या एका दिवसात सुमारे 1,400 जखमी आले. डॉ. जॉर्ज कॉक्स हे नेत्रतज्ज्ञ न्यू ग्लासगोहून आगगाडीने पोचले आणि काचा रुतलेले डोळे काढत राहिले. दुसऱ्या दिवशी हिमवादळ आले, त्यामुळे बॉस्टनहून निघालेली मदतीची गाडी अडखळत पोचली.

तुम्ही विचाराल, डोळे काढायचे कशाला? एक डोळा खोलवर फाटला, की काही रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती दुसऱ्या, निरोगी डोळ्यावरच हल्ला करते. याला ‘सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया’ म्हणतात. तेव्हा स्टेरॉइड नव्हती. गेलेला डोळा वेळेत काढणे हाच दुसरा वाचवायचा मार्ग होता. आज सूक्ष्म शस्त्रक्रिया आणि औषधांमुळे अशी वेळ क्वचितच येते.

आता खिडकीचे कारण. प्रकाश तत्काळ पोचतो. हवेचा धक्का दूर आल्यावर साधारण आवाजाच्या वेगाने येतो, म्हणजे एक किलोमीटरला तीनेक सेकंद. झगमगाट दिसला म्हणून आपण काचेजवळ जातो आणि नेमका तेव्हाच धक्का येऊन पोचतो. भिंत शाबूत राहील इतका दाब काच फोडायला पुरतो. म्हणून मोठी आग दिसली तर खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत जा. झगमगाट दिसलाच तर पाठ फिरवून खाली झोपा आणि डोळे झाका.

हॅलिफॅक्समध्ये व्हिन्स कोलमन नावाच्या रेल्वेच्या तारबाबूला जहाजातल्या मालाची कल्पना आली. तो जागेवर थांबला, येणाऱ्या गाड्या रोखण्यासाठी त्याने तार केली आणि स्फोटात गेला. नेमकी माहिती त्या वीस मिनिटांत योग्य जागी पोचवणे, आपत्ती नियोजन म्हणजे मुख्यतः हेच. भोपाळनंतर आपल्याकडे 1989 आणि 1996 मध्ये नियम झाले. घातक रसायने ठरावीक प्रमाणाबाहेर साठवणाऱ्या कारखान्याने, अपघात झाल्यास काय करायचे ते शेजारच्या वस्तीला आधीच सांगायचे असते. कारखान्याबाहेरच्या आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून एकदा व्हायला हवी. स्थानिक गटात प्रशासन, अग्निशमन आणि पोलीस यांच्याबरोबर गावातले दोन डॉक्टर आणि सरपंचासारखा लोकांचा माणूसही असतो. तुम्ही औद्योगिक वसाहतीजवळ राहत असाल, तर तुमच्या भागातली शेवटची तालीम कधी झाली ते तहसील कचेरीत जरूर विचारा. मी माझ्या रुग्णांना विचारतो, तेव्हा बहुतेकांना असा आराखडा असतो हेच माहीत नसते.

आणि डोळ्यात काच घुसलीच तर? चोळू नका, दाबू नका, काच ओढू नका, पाणी मारू नका. कागदी कप डोळ्यावर उलटा ठेवून कपाळाला आणि गालाला चिकटपट्टी लावा, म्हणजे डोळ्यावर दाब येणार नाही. भूल द्यावी लागेल, म्हणून खायला-प्यायला देऊ नका आणि 108 ला फोन करा. रसायन उडाले असेल तर मात्र नेमके उलटे करायचे: लगेच साध्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवायचा आणि मगच दवाखाना गाठायचा. स्फोटाच्या जवळ असलेल्या माणसाला वरवर काहीच लागले नसले, पण दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा ऐकू येईनासे झाले असेल, तर त्यालाही लगेच रुग्णालयात न्या. धक्क्याने फुप्फुसाला झालेली इजा बाहेरून दिसत नाही.