काळी मांजर आणि आपलं कर्म



मांजर आडवी गेली की आपण चार पावलं मागे येतो, नाहीतर दुसरं कुणी पुढे जाईपर्यंत थांबतो. काळी असली तर विचारूच नका. आमच्या महाळुंग्यात कंपनीच्या पहिल्या पाळीला निघालेली दुचाकीसुद्धा थबकते.

युरोपात १२३३ साली पोप नववे ग्रेगरी यांनी जर्मनीतल्या पाखंडी ठरवलेल्या लोकांविरुद्ध पत्र काढलं. त्यांच्या गुप्त विधींत काळी मांजर असते, असं त्यात लिहिलं होतं. पुढे चेटकिणींच्या गोष्टींत ती कायमची जाऊन बसली. पण जपानात आणि ब्रिटनच्या काही भागांत हीच मांजर शुभ! बंगालात मुलाबाळांना जपणाऱ्या षष्ठीदेवीचं तर ती वाहन. तिथल्या व्रतकथेत धाकटी सून चोरून खाते आणि आळ काळ्या मांजरीवर घालते. एकच रंग इथे शुभ, तिथे अशुभ, मग दोष रंगाचा कसा?

आपण तर कर्म मानणारे. आपण बांधलेल्या कर्माचं फळ वाटेतली मांजर देऊ शकत नाही आणि अडवूही शकत नाही.

काही जणी म्हणतील, असतीपोषण हा पंधरा कर्मादानांतला दोष आहे, त्यात मांजरही येते. खरं आहे. पण हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगितला, तो मैना, पोपट, मांजर, कुत्रा वगैरे पैशासाठी पोसण्याचा. निषेध धंद्याचा आहे, दयेचा नाही. मांजर मांसाहारी, म्हणून घरात ठेवावी का, हा प्रश्न उरतोच. तो ज्याने त्याने आपल्या घरी सोडवावा. काळी म्हणून हाकलणं मात्र जीवदयेत बसत नाही.

भटकी कुत्री मारण्याच्या इंग्रजी हुकुमावरून १८३२ साली मुंबईत दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांनी मुंबईत पांजरपोळ उभा केला. पारशी आणि जैन, दोघांनी मिळून. कुणालाही नको असलेल्या जिवाला जागा द्यायची, ही आपली जुनी रीत.

तेव्हा पार्किंगमध्ये काळी पिल्लं दिसली, तर पाणी ठेवा. मोठी झाल्यावर नसबंदी करून घ्या आणि मांजर चालते अशा घरी द्या. घर शोधताना रंग आड येऊ देऊ नका.