फ्लिंटची हद्द आणि घरांची किंमत

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉईटपासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर, जेनेसी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा समजा, फक्त तिचा खजिनदारसुद्धा लोकांनी मते देऊन निवडलेला असतो. या काउंटीच्या मधोमध फ्लिंट शहर आहे आणि त्याच्याभोवती टाऊनशिपा आणि लहान लहान गावे आहेत. जनरल मोटर्स कंपनीची स्थापना १९०८ साली याच फ्लिंटमध्ये झाली.

फ्लिंटची गोष्ट जगाला एका वाक्यात माहीत आहे : कारखाने बंद पडले आणि शहर मेले. मायकेल मूर यांच्या १९८९ च्या 'रॉजर अँड मी' या माहितीपटाने ती घरोघर पोचवली. गोष्ट खोटी नाही. १९७८ च्या सुमारास फ्लिंटच्या परिसरात जनरल मोटर्सचे जवळजवळ ऐंशी हजार कामगार होते. पुढे त्यातले फार थोडे उरले. पण जनगणनेचे आकडे समोर ठेवले की मला ही गोष्ट अर्धीच वाटते. १९६० मध्ये फ्लिंट शहरात १ लाख ९७ हजार लोक राहत होते, २०२० मध्ये ८१ हजार. त्याच काळात शहराच्या हद्दीबाहेरची जेनेसी काउंटी मात्र पावणेदोन लाखांवरून सव्वातीन लाखांवर गेली. म्हणजे काउंटी ओस पडलीच नाही. ओस पडले ते एका रेषेच्या आतले. ती रेषा कशी आखली गेली, हे पाहिल्याशिवाय तिथल्या घरांची किंमत कळत नाही.

सुरुवातीला प्रश्न उलटा होता. माणसे होती, घरे नव्हती. १९०० साली तेरा हजार वस्तीचे हे गाव १९२० पर्यंत ९१ हजारांचे झाले. कामगार तंबूंत, पत्र्याच्या आणि फळ्यांच्या खोपट्यांत राहत. शेवटी कंपनीनेच १९१९ मध्ये 'सिव्हिक पार्क' नावाची वसाहत उभारायला घेतली आणि काही महिन्यांत सुमारे साडेनऊशे घरे बांधली. वळणदार रस्ते, झाडे, पुढे अंगण, मागे परसू. आजही त्या घरांचे नकाशे पाहिले की कामगारासाठी इतके नेटके काम कोणी केले होते याचे नवल वाटते. मात्र खरेदीखतात एक अट होती : गोऱ्या वंशाच्या माणसाखेरीज कोणालाही हे घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही. कारखान्यात काळा कामगार चालत होता, शेजारी मात्र नको होता. काळ्या कुटुंबांना मुख्यतः दोन वस्त्या मोकळ्या होत्या, कारखान्यांच्या धुराखालची सेंट जॉन आणि फ्लोरल पार्क. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन स्थापन झाले आणि घरकर्जाला सरकारी हमी मिळू लागली; पण मिश्र वस्ती म्हणजे बुडीत कर्जाचा धोका, असे या सरकारी खात्याचे गणित होते. खासगी पूर्वग्रहाला सरकारी शिक्का मिळाला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांकडून होणार नाही असे सांगितले, तरी वस्त्यांच्या सीमा तोवर पक्क्या झाल्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीने नवे कारखाने शहराबाहेर, टाऊनशिपांतल्या मोकळ्या जमिनीवर उभारले. कंपनीची अपेक्षा अशी, की शहर आज ना उद्या हद्दवाढ करून हा सगळा भाग पोटात घेईल. या अपेक्षेतून १९५७-५८ मध्ये 'न्यू फ्लिंट' नावाची योजना आली : शहर आणि भोवतालच्या टाऊनशिपा मिळून एकच मोठी नगरपालिका, एकच कर, एकच पाणीपुरवठा. टाऊनशिपांच्या पुढाऱ्यांना हे मान्य नव्हते. शहराचे कर नकोत, शहराच्या शाळा नकोत, आणि न बोललेले कारण म्हणजे शहरातले लोकही नकोत. काउंटीच्या मंडळाने हा प्रस्ताव मतदानाला ठेवायलाच नकार दिला, आणि १९५८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही त्याचाच विजय झाला. फ्लिंटच्या इतिहासात संपाचा उल्लेख नेहमी होतो. १९३६-३७ चा ४४ दिवसांचा ठिय्या संप खरोखरच मोठा होता. पण माझ्या मते या काउंटीतल्या घरांचे नशीब ठरवले ते या न झालेल्या मतदानाने. पुढे एखादी टाऊनशिप स्वतःच शहर झाली. बर्टन १९७२ मध्ये झाले. कारखान्यांचा कर तिकडे, जुने नळ, जुनी घरे आणि म्हातारी माणसे इकडे.

शहराच्या आतली लढाई वेगळी चालू होती. १९६६ मध्ये फ्लॉइड मॅक्री हे फ्लिंटचे पहिले काळे महापौर झाले. पुढच्या वर्षी घरविक्रीतला भेदभाव बंद करणारा ठराव शहर आयोगाने फेटाळला, तेव्हा त्यांनी राजीनाम्याची भाषा केली आणि लोक नगरभवनासमोरच्या हिरवळीवर रात्री झोपायला आले. अखेर ठराव मंजूर झाला, विरोधकांनी तो जनमताला नेला, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये फेरमोजणीनंतर तो अवघ्या ३० मतांनी टिकला. लोकांनी प्रत्यक्ष मतदान करून असा कायदा राखल्याचे अमेरिकेतले हे पहिले उदाहरण. विजय खरा होता, पण तो हद्दीच्या आतच होता. शिवाय याच काळात महामार्ग आणि औद्योगिक वसाहतीसाठी सेंट जॉन आणि फ्लोरल पार्क जमीनदोस्त करण्याचे काम सुरू झाले. विस्थापितांनी शहरात इतरत्र घरे घेतली. दलालांनी गोऱ्या शेजाऱ्यांना घाबरवून त्यांची घरे स्वस्तात काढायला लावली. ज्याला जमले तो रेषा ओलांडून गेला.

यानंतर कारखाने बंद पडू लागले आणि रिकामी घरे राहिली. १९८४ मध्ये पर्यटकांसाठी 'ऑटोवर्ल्ड' नावाची मोठी मोटारनगरी उघडून पाहिली. ती वर्षभरही धड चालली नाही, १९९७ मध्ये पाडली. रिकाम्या घराचे खरे दुखणे करवसुलीत होते. घरपट्टी थकली की थकबाकीचा हक्क खासगी गुंतवणूकदाराला विकायचा, अशी मिशिगनची जुनी पद्धत. तो घर पाहतही नसे. वर्षानुवर्षे मालक कोण हेच ठरत नसे, तोवर छप्पर गळे, तांब्याचे नळ चोरीला जात, आणि शेजारच्या धडधाकट घराचीही किंमत उतरे. १९९९ च्या कायद्याने ही पद्धत बदलली. सुमारे तीन वर्षे थकबाकी राहिली की काउंटीचा खजिनदार घर जप्त करणार. जेनेसीचे तेव्हाचे खजिनदार डॅन किल्डी यांनी या कायद्याचा असा उपयोग केला की तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत कल्पक भाग वाटतो. २००२ मध्ये त्यांनी काउंटीची 'लँड बँक' सुरू केली. जप्त झालेली सगळी घरे लिलावात न फुंकता तिच्याकडे ठेवायची, आणि उपनगरांतल्या चांगल्या मालमत्ता विकून आलेला पैसा व थकबाकीवरचे व्याज शहरातली पडकी घरे पाडायला आणि दुरुस्त करायला वापरायचे. १९५८ मध्ये जी रेषा पुसता आली नाही, ती खजिनदाराच्या खातेवहीत थोडीशी पुसली गेली! १९७३ पासून बंद असलेले ड्युरंट हॉटेलही लँड बँकेने घेतले आणि २०१० मध्ये तिथे भाड्याची घरे झाली.

या उपायाला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून चालणार नाही. खजिन्यात येणारा हा नफा कुणाच्या तरी घराचा होता. शेजारच्या ओकलंड काउंटीत एका मालकाची ८ डॉलर ४१ सेंटची बाकी राहिली होती. काउंटीने त्याची मालमत्ता विकून साडेचोवीस हजार डॉलर घेतले आणि त्याला काहीच दिले नाही. २०२० मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कर वजा जाता उरलेली रक्कम मालकाचीच. न्याय बरोबर झाला; लँड बँकेच्या उत्पन्नाचा एक झरा मात्र आटला.

या सगळ्याच्या मधे पाण्याचे प्रकरण घडले. दोन लाख माणसांसाठी घातलेले नळ निम्म्याहून कमी माणसांच्या पाणीपट्टीवर चालवायचे होते. एप्रिल २०१४ मध्ये, राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या अमलाखाली, पैसे वाचवण्यासाठी शहराने डेट्रॉईटचे पाणी सोडून फ्लिंट नदीचे घेतले. गंज रोखणारी प्रक्रिया केली नाही आणि नळांतले शिसे पाण्यात उतरले. लीजनेअर आजाराने किमान १२ जण गेले. काउंटीची उपनगरे मात्र डेट्रॉईटचेच पाणी पीत होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सला दिसले की या पाण्याने इंजिनाचे भाग गंजतात. कंपनीने आपल्या कारखान्याचा नळ हद्दीपलीकडच्या फ्लिंट टाऊनशिपला जोडून घेतला. शहरातल्या घरांना जुने पाणी परत मिळायला पुढचा ऑक्टोबर उजाडला. कारखान्याला रेषा ओलांडता आली, घराला येत नाही. शिशाच्या नळाचे घर विकायचे तरी कोणाला? न्यायालयीन तडजोडीनुसार नळ बदलण्याचे काम २०२५ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सुमारे ११ हजार शिशाच्या जोडण्या काढल्या गेल्या.

आज काउंटीच्या दक्षिण भागात, ग्रँड ब्लँक आणि फेंटनच्या बाजूला, घरांना गिऱ्हाईक आहे. तिथून महामार्गाने डेट्रॉईटच्या उपनगरांत कामाला जाता येते. शहरात लँड बँकेकडे अजून हजारो मालमत्ता आहेत. त्यांतल्या रिकाम्या जागा लगतच्या घरमालकाला अल्प किमतीत घेता येतात, आणि कित्येकांनी घेतल्याही आहेत. बाकीच्या जागांवरचे गवत 'क्लीन अँड ग्रीन' उपक्रमातली स्थानिक मंडळे उन्हाळाभर कापतात, त्यासाठी त्यांना लँड बँकेकडून मानधन मिळते. सिव्हिक पार्कमध्ये जिथे दारे एकमेकांना लागून होती, तिथे आता एखाद्या घराला दोन्ही बाजूंनी मोकळे अंगण आहे. मालक त्यात टोमॅटो लावतो आणि वाढलेल्या जागेचीही घरपट्टी भरतो.