सहीपासून मतपेटीपर्यंत : आडव्या बाटलीचा कायदा आणि मुंबईचे प्रभाग

ठरावीक संख्येने सह्या गोळा करून एखादा प्रश्न थेट मतदानाला लावण्याचा जो हक्क काही देशांतील नागरिकांना आहे, त्याला राज्यशास्त्रात ‘उपक्रमाधिकार’ म्हणतात. भारतीय संविधानात या अधिकाराची तरतूद नाही. येथे नागरिक अर्ज करू शकतो, निवेदन देऊ शकतो, विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीपर्यंतही पोहोचू शकतो. परंतु त्याच्या सहीने शासनावर मतदान घेण्याचे बंधन येत नाही. महाराष्ट्रात या नियमाला एक लक्षणीय अपवाद आहे, आणि तो दारूच्या दुकानासंबंधी आहे. पुरेशा मतदारांनी लेखी मागणी केली, तर दुकान राहावे की जावे याचा निर्णय गुप्त मतदानाने होतो. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : दुकान चालू ठेवायचे तर उभी बाटली, बंद करायचे तर आडवी. त्यावरूनच या तरतुदीला ‘आडव्या बाटलीचा कायदा’ हे सर्वतोमुखी झालेले नाव मिळाले.

परळचे निवेदन

सह्यांच्या मोहिमेची परंपरा मुंबईला नवी नाही. गिरणगावात तिची सुरुवात १८८४ साली झाली. त्या वर्षी मुंबई सरकारने कारखान्यांतील परिस्थितीच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. १८८१ चा कारखाना कायदा मुख्यतः लहान मुलांपुरता होता. प्रौढ स्त्री-पुरुष कामगारांना त्याने जवळजवळ काहीच दिले नव्हते. ‘दीनबंधु’चे संपादक आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा बोलावली. तीन दिवसांनी भायखळ्यास दुसरी सभा झाली. या सभांतून तयार झालेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जायबंदी झालेल्यास भरपाई.

ज्या वस्तीत लिहिता-वाचता येणारे थोडेच होते, तेथे साडेपाच हजार नावे कागदावर आणणे ही लहान गोष्ट नव्हे. तरीही त्या कागदाने कोणावरही काही बंधन घातले नाही. निवेदन आयोगापुढे गेले, आणि कायदा जेथे होता तेथेच राहिला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोडदौडीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांनी तेथे भाषणे केली, आणि त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती सर्व कारखान्यांना लागू झाली. पहिल्या सहीपासून कायद्यापर्यंत सात वर्षे गेली. योगायोग असा की, त्याच १८९१ साली स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेत नागरिकांचा उपक्रमाधिकार दाखल झाला आणि तेथील सहीला अर्जापलीकडचे वजन आले.

तरतूद काय आहे

मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाने संपूर्ण दारूबंदी आली होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि परवान्यांची पद्धत रुळली. अधिनियम मात्र कायम राहिला. गावोगावच्या स्त्रियांच्या आंदोलनांनंतर त्याच अधिनियमाच्या आधारे मतदानाने दुकान बंद करण्याची तरतूद आली. सध्या तिचा आधार २००८ चा शासकीय आदेश हा आहे. गावात ग्रामसभेच्या ठरावाचा मार्ग आहे. नगरपालिका व महापालिका क्षेत्रात प्रभाग हा घटक धरला जातो.

प्रभागातील एकूण स्त्री मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के जणांनी सह्यांनिशी मागणी करावी लागते. राज्य उत्पादन शुल्क खाते त्या सह्या मतदारयादीशी ताडून पाहते. मागणी ग्राह्य ठरल्यास जिल्हाधिकारी मतदानाची तारीख ठरवतात. मागणी स्त्रियांची असेल तर मतदानही फक्त स्त्रियांचे होते. भारताच्या निवडणूक व्यवहारात असे दुसरे उदाहरण शोधून सापडणे कठीण. चित्राने कौल घेण्याची कल्पना मात्र जुनी आहे. १६ जानेवारी १९६७ च्या गोव्यातील जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूला फूल आणि वेगळे राहण्याच्या बाजूला दोन पाने हे चिन्ह होते. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. मात्र तो कौल संसदेने कायदा करून घेतला होता. नागरिकांच्या सह्यांनी तो मतदानाला लागलेला नव्हता.

आडव्या बाटलीची खरी अट पुढे आहे. दुकान बंद व्हायचे असेल, तर झालेल्या मतांच्या नव्हे, एकूण पात्र मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई मतदानाला आलीच नाही, तिचे मत प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते.

मुंबईचे गणित

गावात ही अट कष्टाने का होईना, पण पार पडते. साताऱ्याच्या जावळी तालुक्याचे नाव त्यासाठी राज्यभर घेतले गेले. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली झालेली आणि २०२१ साली उठलेली बंदी हा शासनाचा निर्णय होता; तिचा या मतदानाशी थेट संबंध नाही, जरी चर्चेत दोहोंची सरमिसळ नेहमी होते. मुंबईत प्रभागाचा आकारच निराळा आहे. १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीसाठीच्या यादीत १ कोटी ३ लाख ४४ हजार ३१५ मतदार होते. त्यांपैकी ४८,२६,५०९ स्त्रिया. प्रभाग २२७. सरासरीने एका प्रभागात २१ हजारांवर स्त्री मतदार येतात. म्हणजे मागणीसाठी सुमारे ५,३०० सह्या हव्यात. लोखंडे यांनी साऱ्या गिरणगावातून जेवढ्या मिळवल्या, जवळपास तेवढ्याच आज एका प्रभागातून मिळवायच्या!

त्यापुढे मतदान. दुकान बंद करायला अशा सरासरी प्रभागात १०,६०० हून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. महापालिकेच्या त्या निवडणुकीत, सुटीचा दिवस, पक्षांची यंत्रणा आणि महिनाभराचा प्रचार असूनही, मतदान सुमारे ५३ टक्के झाले. केवळ एका दुकानासाठी होणाऱ्या मतदानालाही तेवढ्याच प्रमाणात स्त्रिया आल्या असे धरले, तर त्यांतील दर शंभरपैकी ९४ हून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होईल. ज्या कसोटीवर शहरातील बहुतेक नगरसेवक निवडून येऊ शकले नसते, ती देशी दारूच्या बारला त्रासलेल्या बायकांना लावली जाते. ही अट बदलून झालेल्या मतांचे बहुमत ग्राह्य धरावे, ही दारूबंदी कार्यकर्त्यांची जुनी मागणी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. परवानाधारकाच्या बाजूनेही एक म्हणणे आहेच : कायदेशीर शुल्क भरून चालणारा धंदा मूठभरांच्या मतांवर बंद होऊ नये. पण त्यासाठी किमान मतदानाची अट पुरेशी ठरली असती. इटलीत तशीच सोय आहे. पाच लाख सह्यांवर सार्वमत होते आणि निम्मे मतदार आले तरच ते वैध. निर्णय मात्र झालेल्या मतांच्या बहुमताने. तीही सोपी अट नव्हे. जून २०२५ मधील तेथील पाच सार्वमते जेमतेम ३० टक्के मतदानामुळे निष्फळ ठरली.

सही कोणाची, किती खरी

जेथे सहीला वजन असते, तेथे खोट्या सहीचा प्रश्न पाठोपाठ येतो. स्वित्झर्लंडमध्ये घटनादुरुस्तीच्या प्रस्तावासाठी १८ महिन्यांत एक लाख सह्या लागतात, आणि प्रत्येक सही स्थानिक नगरपालिका मतदारपटावर तपासून प्रमाणित करते. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये पैसे घेऊन सह्या जमवणाऱ्या काही संस्थांनी त्या बनावट केल्याचा आरोप उघड झाला आणि त्या शांत देशात मोठी खळबळ उडाली. कॅलिफोर्नियात १९११ पासून ही पद्धत आहे. साध्या कायद्याच्या प्रस्तावासाठी मागील गव्हर्नरपदाच्या निवडणुकीतील मतांच्या ५ टक्के, म्हणजे २०२२ च्या आकड्यानुसार ५,४६,६५१ सह्या लागतात, आणि त्यासाठी १८० दिवस मिळतात. तेथे दर सहीमागे पैसे मोजणारा एक धंदाच उभा राहिला आहे. तपासणी नमुन्यावर होते : तीन टक्के सह्या यदृच्छेने निवडून पाहतात, आणि अंदाज गरजेच्या ११० टक्क्यांवर गेला तर बाकीच्या पाहण्याची तसदी घेत नाहीत.

आपल्याकडे सह्या जमवतात त्या वस्तीतल्याच बायका, तेही घरकाम आणि नोकरी सांभाळून. त्यांची अडचण निराळी असते. मतदारयादीत नाव माहेरचे आणि सही सासरच्या आडनावाची. यादीत ‘सुमन’ आणि घरात ‘सुमती’. ओळखपत्रावरचा पत्ता जुन्या चाळीचा. असा प्रत्येक फरक तपासणीत आक्षेपाचे निमित्त होतो. म्हणून अनुभवी कार्यकर्ते आधी प्रभागाची यादी मिळवतात, यादीचा भाग आणि अनुक्रमांक कागदावर आधीच लिहून ठेवतात आणि मग दाराशी जातात. गरजेपेक्षा हजारभर सह्या अधिक घेणे हे शहाणपणाचे समजले जाते. सही घेताना शेजारच्या बाईचा नवरा त्याच बारमध्ये बसलेला असतो, ही गोष्ट कोणत्याही नियमात लिहिलेली नसते.

गिरगाव, लालबाग, परळच्या चाळकऱ्यांना सह्यांचे राजकारण दुसऱ्या एका कारणाने चांगले परिचित आहे. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासासाठी पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागत असे, आता ५१ टक्के पुरते. त्या संमतीपत्रांसाठी विकासकांची माणसे जिने झिजवत असतात. त्या सहीला मोल येते, कारण तिच्यावर जागा अवलंबून असते. दारूच्या दुकानाविरुद्धच्या सहीत पैसा नाही. मार्च २०२५ मध्ये शासनाने विधानसभेत जाहीर केले की, गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे दारूचे दुकान सुरू करायचे तर त्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. जे दुकान आधीच चालू आहे, ते मतदानाने हटवायचे तर मार्ग आडव्या बाटलीचाच.

पुनर्विकासाचा या मोहिमेवर आणखी एक परिणाम होतो, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. इमारत पाडली की रहिवासी संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात, बहुधा उपनगरात जातात. कित्येकांची नावे जुन्या प्रभागाच्या यादीत वर्षानुवर्षे तशीच राहतात. मृतांची नावेही लगेच निघत नाहीत. एकूण मतदारसंख्या हाच भाजक असल्याने असे प्रत्येक नाव आडव्या बाटलीसाठी लागणाऱ्या मतांचा आकडा वाढवते. म्हणून लालबागच्या दुकानाविरुद्ध सह्या मागायला निघालेल्या कार्यकर्तीला यादी हातात घेऊन गोरेगाव-विक्रोळीपर्यंत जावे लागते, आणि मतदानाच्या दिवशी त्याच बायकांना परत लालबागेत आणण्याची व्यवस्थाही पाहावी लागते.