परकीय नोंदणी आणि आफ्रिकी स्थलांतरित
परदेशी नागरिकांच्या वास्तव्यावर देखरेख ठेवणारी शासकीय व्यवस्था. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. औंढा नागनाथच्या एखाद्या लॉजवर परदेशी पाहुणा उतरला, तर मालकाने पासपोर्ट-व्हिसा पाहून २४ तासांत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची. जिल्ह्याचा नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. मुंबईत त्यासाठी स्वतंत्र कार्यालय आहे. कायद्यात ‘आफ्रिकी’ असा वेगळा वर्ग नाही. पोलिसी नजरेत मात्र तो पुष्कळदा असतो. ऑक्टोबर २०१३ अखेरीस गोव्यात एका नायजेरियनाचा खून झाला; देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग रोखला आणि सरकारने बेकायदा राहणाऱ्या नायजेरियनांची शोधमोहीम उघडली. व्हिसाची मुदत उलटलेल्या परदेशींसाठी पुढे म्हापशात स्थानबद्धता केंद्र सुरू झाले.