मोडलेला खुबा आणि खचलेलें मन

१७०० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत माण नदीच्या काठीं खवासपूर येथें मोगल बादशहाची छावणी पडली होती. एका रात्रीं नदीला अकस्मात् पूर आला आणि एकच हलकल्लोळ उडाला. मराठे छावणींत शिरले अशा समजुतीनें औरंगजेब घाईघाईनें उठला, अडखळला, आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. त्या वेळीं त्याचें वय ऐंशीच्या पुढें होतें. वैद्यांना सांधा नीट बसवितां आला नाहीं व बादशहा कायमचा थोडा लंगडा झाला. तेव्हां दरबारी मंडळी त्याचें समाधान करीत, तें असें: जगज्जेता तैमूर हाहि लंगडाच होता; हें व्यंग नव्हे, तर पूर्वजाचा वारसाच होय! पुढें १७०६ च्या आरंभीं हा बादशहा अहमदनगरला येऊन राहिला आणि १७०७ च्या मार्चमध्यें तेथेंच मरण पावला. अखेरच्या दिवसांत त्यानें मुलांना लिहिलेलीं म्हणून जीं पत्रें प्रसिद्ध आहेत, त्यांत तैमूरच्या वारशाचा अभिमान कोठेंच दिसत नाहीं. दिसते ती भीति आणि एकाकीपणा.

बादशहाचें दुखणें गुडघ्याचें होतें, खुब्याचें नव्हे. परंतु पडलेल्या वृद्धाला गोड पण पोकळ शब्दांनीं समजावण्याची ती दरबारी रीत घरोघरीं अजून चालू आहे. आणि वृद्धांचा खुबा मोडतो तेव्हां ती विशेष घातक ठरते.

मांडीचें हाड कमरेला जेथें जुळतें, तो सांधा म्हणजे खुबा. उतारवयांत हाडें ठिसूळ होतात. मग ओल्या फरशीवर पाय सरकण्याएवढें निमित्तहि त्या हाडाची मान मोडण्यास पुरतें. लंडनचे शस्त्रवैद्य ॲस्टली कूपर यांनीं १८२२ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, सांध्याच्या वेष्टनाच्या आंत मोडलेलें हें हाड सहसा सांधत नाहीं. म्हणून वेदना थोडी ओसरतांच वृद्धाला कुबड्या देऊन उठवावें, अंथरुणाला खिळवून ठेवूं नये, असा त्यांचा सल्ला होता. तथापि पुढेंहि शंभर वर्षें असंख्य रुग्ण महिनोन् महिने पडूनच राहिले. कोणाला पाठीवर जखमा झाल्या, कोणाच्या छातींत कफ दाटला. म्हातारें माणूस पडलें कीं उठत नाहीं, ही गांवोगांवची समजूत अनुभवांतूनच आलेली होती.

१९३१ सालीं बोस्टनचे स्मिथ-पीटरसन यांनीं मोडलेल्या जागीं तीन पात्यांचा खिळा बसविण्याची पद्धति प्रसिद्ध केली. १९६२ सालीं इंग्लंडांत जॉन चार्नली यांनीं संपूर्ण कृत्रिम खुब्याला आजचें टिकाऊ रूप दिलें. हाडाचा प्रश्न बराचसा सुटला. परंतु खिळा बसला तरी पाऊल पडत नाहीं, हें मग ध्यानांत येऊं लागलें. शरीर उभें राहण्याजोगें झालें, तरी मन बसूनच राहतें.

या गोष्टीची जाणीव शुश्रूषेच्या शास्त्राला आधींच झाली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालीं सिद्ध केलेल्या शुश्रूषाविषयक पुस्तकांत, रुग्णाला खोटा धीर देणाऱ्या भेटकऱ्यांवर एक संबंध प्रकरण खर्ची घातलें आहे. शंका, वाट पाहणें आणि भय यांनीं रुग्ण श्रमापेक्षांहि अधिक थकतो, असें त्यांचें निरीक्षण होतें. १९३५ नंतर लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयांत मार्जोरी वॉरेन यांनीं वर्षानुवर्षें पडून असलेल्या वृद्धांना तपासून, हिंडतें-फिरतें करून दाखविलें. त्यांत औषधांइतकाच वाटा उजेडाच्या खोल्यांचा व उत्तेजनाचा होता. १९४७ सालीं रिचर्ड ॲशर यांनीं अंथरुणाचे धोके सांगणारा लेख लिहिला, तेव्हां अंथरूण मनालाहि दुबळें करतें, हें त्यांनीं स्पष्टच सांगितलें.

शस्त्रक्रियेनंतरची दुसरी-तिसरी रात्र मोठी कसोटीची असते. कालपर्यंत शहाणी असलेली आजी मध्यरात्रीं गुरें सोडायला निघते, मुलाला ओळखीत नाहीं, हाताची सुई उपटूं पाहते. घरच्यांना वाटतें, हिला वेड लागलें. तें वेड नव्हे. वेदना, अपुरी झोंप, कोरडें पडलेलें शरीर, कांहीं औषधें आणि अनोळखी जागा यांनीं आलेला तो भ्रम असतो, व तो बहुधा ओसरतो. २००१ सालीं अमेरिकेंत खुबा मोडलेल्या १२६ वृद्धांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नेहमींच्या उपचारांत निम्म्या रुग्णांना असा भ्रम झाला. वृद्धांच्या वैद्यांनीं रोज लक्ष घातलें, तेथें तें प्रमाण शेंकडा ३२ वर आलें. त्यांनीं सुचविलेले उपाय साधे होते: वेदना शमवावी, पाणी व अन्न वेळेवर द्यावें, नको तीं औषधें बंद करावीं, चष्मा व कानाचें यंत्र जवळ ठेवावें, घड्याळ दिसूं द्यावें, लवकर उठवावें. यांतील बहुतेक गोष्टी पार पडतात त्या परिचारिकेच्याच हातून.

पुढचा शत्रु म्हणजे पुन्हां पडण्याचें भय. तेथें “आजी, तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं,” हें वाक्य दरबारी आहे; आजीला आपलें दुखणें ठाऊक असतें. चांगली परिचारिका म्हणते, “आजी, दुखेल, पण आज फक्त खाटेच्या कडेला बसायचें आहे. मी धरून आहें.” उद्यां दोन पावलें, परवां दारापर्यंत. खरें सांगितलेलें आणि सांगितल्याप्रमाणें घडलेलें, यांतूनच विश्वास येतो.

महाराष्ट्रांतल्या घरांत याला आणखी एक बाजू आहे. खुबा बदललेल्या रुग्णाला मांडी घालण्यास व उकिडवें बसण्यास बहुधा मनाई होते. पाटावरचें जेवण, देवघरांतली बैठक, पोरांच्या घोळक्यांतली जमिनीवरची जागा, हें सारें एका दिवसांत तुटतें. आपण घराला ओझें झालों, ही टोचणी येथून सुरू होते. म्हणून घरीं पाठवितांना परिचारिकेनें कुटुंबालाहि शिकवावयाचें असतें: देवघरापाशीं उंच खुर्ची ठेवावी, रात्रीं वाटेवर दिवा असावा, आणि भाजी निवडण्याचें काम आजीकडेच राहूं द्यावें. काम काढून घेणें ही दया नव्हे.

हें शिक्षण रुग्णालयाच्या भिंतींआड राहिलें पाहिजे असें नाहीं, ही गोष्ट याच जिल्ह्यानें जगाला दाखविली आहे. नगर शहरांत मुक्तिफौजेचें बूथ हॉस्पिटल आहे, लोणीला प्रवरेचें मोठें ग्रामीण रुग्णालय व परिचारिका-विद्यालय आहे. पण १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें जामखेडला जें काम आरंभलें, तें निराळें होतें. त्यांनीं खेड्यांतल्याच स्त्रियांना, त्यांतहि पुष्कळशा निरक्षर व दलित स्त्रियांना, आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. तो प्रयत्न मुख्यतः माता, बालकें, कुष्ठरोग व क्षय यांसाठीं होता. खुब्याच्या रुग्णांसाठीं नव्हे. १९७९ सालीं त्या दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळालें. त्या कामाचें मर्म असें कीं, रुग्णाचें भय ओळखायला तिच्याच गल्लींतली, तिच्याच बोलींत बोलणारी बाई पुष्कळदां अधिक उपयोगी पडते.

२०२४ पासून अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यांत आज मोडलेला खुबा सांधणारे शस्त्रवैद्य आहेत. ती सोय बादशहाच्या नशिबीं नव्हती. परंतु शस्त्रक्रिया तास-दोन तासांत संपते. त्यानंतरचे तीन महिने आजीला घरांतच काढावयाचे असतात. त्या काळांत तिच्याजवळ दरबारी बसतात कीं परिचारिका, यावर ती पुन्हां अंगणांत दिसेल कीं नाहीं, हें बरेंचसें ठरतें.