सातगौडांचं थांबणं

आमच्या भागात दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्या भोज गावाजवळ एकमेकींना मिळतात. निपाणीकडच्या बायकांना भोज नवीन नाही. कुणाचं माहेर तिथलं, कुणाची नणंद तिथे दिलेली. बाहेरच्या जैन समाजाला मात्र ते आचार्य शांतिसागर महाराजांचं गाव म्हणूनच ठाऊक आहे.

महाराजांचा जन्म 1872 चा, आजोळी येळगूडला. वडील भीमगौडा पाटील, आई सत्यवती. घरातलं नाव सातगौडा. सुमेरचंद दिवाकरांनी लिहिलेलं ‘चारित्र चक्रवर्ती’ हे त्यांचं चरित्र आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचलं असेल. ते वाचताना आपण भराभर पुढं जातो ते मुनिदीक्षा, विहार, उपसर्ग या भागाकडं. अंगावर साप फिरला तरी महाराज ध्यानातून हलले नाहीत, ही कोन्नूरच्या गुहेतली गोष्ट तर आपण मुलांना झोपताना सांगतो. माझं मन मात्र त्याआधीच्या पानांवर अडकतं.

त्या काळच्या रीतीप्रमाणं सातगौडांचं लग्न नवव्या वर्षी झालं. मुलगी त्यांच्याहूनही लहान. काही महिन्यांतच ती वारली. चरित्र वाचताना तिच्यापाशी आपण थांबतसुद्धा नाही, मला ते दर वेळी टोचतं. पुढं घरच्यांनी पुन्हा लग्नाचा विषय काढला, तेव्हा त्यांनी नकार दिला. सतरा-अठराव्या वर्षीच दीक्षेची ओढ लागली होती. पण आम्ही आहोत तोवर घरी राहा, असं आई-वडिलांचं म्हणणं पडलं आणि ते राहिले.

किती वर्षं राहिले ते पाहा. उत्तूरला देवेंद्रकीर्ती स्वामींकडून क्षुल्लक दीक्षा घेतली ती 1915 मध्ये, आई-वडील दोघंही गेल्यानंतर. म्हणजे वयाची चाळिशी उलटून गेली होती. सतरा-अठराव्या वर्षी निघायची ओढ लागलेला माणूस आणखी जवळजवळ पंचवीस वर्षं त्याच घरात, त्याच कापडाच्या दुकानात, त्याच शेतात वावरत होता!

बरं, ही वर्षं कपाळाला हात लावून काढली असंही नाही. शेतात पाखरं दाण्यावर बसली तर हा माणूस त्यांना हाकलत नसे, उलट पाण्याची सोय करी. नदीला पाणी असलं की आदिसागर मुनींना खांद्यावर घेऊन पलीकडं पोचवी. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ग्रंथ उघडलेला. एकेक सवय, एकेक नियम अंगी मुरवत होते. त्यामुळं 1920 ला यरनाळला मुनिदीक्षा झाली आणि 1924 ला समडोळीत आचार्यपद आलं, तेव्हा तयारी कधीचीच झालेली होती. थोरले भाऊ देवगौडाही पुढं मुनी झाले, वर्धमानसागर. एका घरातून दोघं.

आता जरा आपल्याबद्दल बोलते. ‘धीर धर बाई’ हे वाक्य आपल्याला काही नवीन नाही. माझ्या सासूबाई अर्धांगवायूनं सव्वादोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा येणारी प्रत्येक बाई मला हेच सांगून जायची आणि चहा पिऊन निघायची. सासूबाईंचं करताना मला सातगौडांच्या त्या वर्षांचा खरोखर आधार वाटला. सकाळी त्यांना पुसून घेताना णमोकार म्हणायचा, दुपारी त्या झोपल्या की दोन पानं वाचायची. दिवस माझ्या हातात नव्हता, पण एवढं तरी होतं.

पण मागच्या चातुर्मासात बस्तीत स्वाध्यायानंतर एक तरुण सून रडत होती. नवरा पिऊन मारतो. तिलाही एका आज्जीनं हेच सांगितलं, कर्म आहे, भोगून संपव. मला राहवलं नाही. मी म्हटलं, आज्जी, बावीस परीषह मुनी सहन करतात ते आपण निवडलेल्या मार्गावरून ढळू नये म्हणून. हिनं कुठला मार्ग निवडलाय? कर्माची निर्जरा पुरुषार्थानं होते, मार खाऊन नव्हे. आज्जी गप्प बसल्या. पटलं की राग आला, देव जाणे. सुनेला आम्ही दोघीजणी माहेरी पोचवून आलो.

मगनबाई आठवा. मुंबईच्या शेठ माणिकचंदांची ही मुलगी, 1880 चा जन्म. विशीच्या आत वैधव्य आलं, पदरी लहान मुलगी. बायको गेलेल्या मुलाला दुसरी मुलगी बघत, नवरा गेलेल्या मुलीला कोपरा दाखवत, असा तो काळ. मगनबाई कोपऱ्यात बसल्या नाहीत. शिकल्या आणि आपल्यासारख्याच विधवांसाठी श्राविकाश्रम चालवला. त्यांची श्रद्धा कुणाहून कमी होती का? सोशिक बायकांचं कौतुक करताना हे नाव आपल्या तोंडी क्वचितच येतं.

महाराजांकडं परत येते. उतारवयात त्यांची दृष्टी मंदावली. पायाखालचा जीव दिसेना, आहार शोधून घेता येईना, तर अहिंसा पाळायची कशी? म्हणून 14 ऑगस्ट 1955 ला कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली, तीही पूर्ण विचारानं. सव्विसाव्या दिवशी, 8 सप्टेंबरला, त्यांचा अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित करून घेण्यात आला. पोटात अन्न नसलेला त्र्याऐंशी वर्षांचा माणूस वीस मिनिटांहून जास्त बोलला, आणि बोलला तो मराठीत. देशभरातले श्रावक डोंगरावर जमले होते, त्यातल्या कितीतरी जणांना मराठी येत नसेल. भोजच्या बायकांना मात्र शब्द न् शब्द कळला असता. त्यानंतर दहा दिवसांनी, 18 सप्टेंबरला सकाळी, छत्तिसाव्या दिवशी महाराज गेले.