सुरुंग : एका शब्दाचा प्रवास

मुंबईच्या बॅकबेवर समुद्र हटवून जमीन उठविण्याची सरकारी योजना १९२० सालीं हातीं घेण्यांत आली. १,१४५ एकर जमीन मिळवावयाची होती. प्रत्यक्षांत निम्मीही पदरीं पडली नाहीं, आणि या कारभारावर वीर नरिमन यांनीं केलेल्या आरोपांतून उद्भवलेला खटला १९२८ सालीं ते निर्दोष सुटेपर्यंत गाजत राहिला. लाटा थोपविणाऱ्या त्या भिंतीसाठीं दगड आला तो शहराबाहेरून, कांदिवलीच्या खाणींतून. ज्या साधनानें कांदिवलीचा डोंगर फुटला व समुद्रापर्यंत गेला, त्याचें नांव सुरुंग. खाणीवर रोज उच्चारल्या जाणाऱ्या या शब्दाचें कुळ मात्र फार दूरचें आहे.

खाणकामगाराला सुरुंगाचा अर्थ सांगावा लागत नाहीं. पहारीनें खडकाला खोल भोंक पाडावयाचें, त्यांत दारू ठासावयाची, वात ठेवून वरून माती घट्ट दाबावयाची, आरोळी देऊन माणसें दूर करावयाचीं आणि बत्ती देऊन स्वतः आडोशाला पळावयाचें. त्या भोंकाला, त्यांतील दारूला आणि शेवटच्या स्फोटालाही एकच शब्द पुरतो. सुरुंग खणतात, सुरुंग भरतात, सुरुंग लावतात आणि सुरुंग उडतो. परंतु मूळ शब्दांत दारूचा लवलेशही नव्हता.

संस्कृतांत सुरुङ्गा म्हणजे भुयार. महाभारतांत पांडव जळत्या लाक्षागृहांतून निसटले ते याच वाटेनें. आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही राजवाड्याच्या व वेढ्याच्या संबंधांत सुरुङ्गा येते. खाण, खनिज, खणणें हे शब्द खन् या धातूचे. सुरुङ्गा मात्र त्या कुळांत बसत नाहीं. पुष्कळ पंडितांच्या मतें ती ग्रीक सिरिंक्स या शब्दापासून आली. सिरिंक्स म्हणजे मेंढपाळाची बोरूची बासरी. त्यावरून कोणत्याही पोकळ नळीला तें नांव पडलें, आणि पुढें पॉलिबियससारख्या ग्रीक इतिहासकारांच्या लेखनांत तें वेढ्यांतील भुयारालाही लागलें. वैद्याच्या हातांतील सिरिंज हीही त्याच घराण्यांतली.

या व्युत्पत्तीवर एका ग्रंथाचें वय अवलंबून राहिलें. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केल्यावर, हा ग्रंथ खरोखर चंद्रगुप्त मौर्याच्या मंत्र्याचा काय, असा वाद माजला. १९२५ सालीं ऑटो स्टाइन यांनीं या एका शब्दावर स्वतंत्र निबंध लिहिला. परका शब्द भाषेंत रुळण्यास काळ लागतो, तेव्हां ग्रंथ मौर्यकाळानंतरचा असावा, असें एका पक्षाचें म्हणणें. अलेक्झांडर इ. स. पूर्व ३२६ मध्यें पंजाबांत होता, आणि वेढ्याची विद्या सैन्याच्या पायांनीं चालते, हें दुसऱ्या पक्षाचें उत्तर.

भुयारांत दारू भरली ती किल्ले पाडणाऱ्यांनीं. १६६० सालीं शाएस्तेखानानें चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा यानें तो जवळजवळ दोन महिने दाद न देतां लढविला. अखेर ऑगस्टांत मोगलांनीं बुरुजाखालीं भुयार नेऊन सुरुंग उडविला, तेव्हांच वाट मोकळी झाली. त्यापूर्वीं, डिसेंबर १५६७ मध्यें, चितोडच्या वेढ्यांत अकबराचे दोन सुरुंग एकदम उडावयाचे होते. पहिला उडाला, सैनिक खिंडाराकडे धांवले, तोंच मागें राहिलेला दुसरा उडाला आणि अकबराचींच सुमारें दोनशें माणसें ठार झालीं.

दगड फोडण्याकडे ही विद्या नंतर वळली. युरोपांत खाणींत दारू उडविल्याची पहिली ठळक नोंद १६२७ सालची, शेम्निट्स येथील आहे. १८३१ सालीं बिकफर्डनें ठराविक गतीनें जळणारी वात काढली, १८६७ सालीं नोबेलनें डायनामाइटचें पेटंट घेतलें. तरीही खाणीवर सर्वांत भय असतें तें चितोडच्या त्या दुसऱ्या सुरुंगाचें, म्हणजे वेळेवर न उडालेल्याचें. तो विझला असें समजून पाहण्यास गेलेला माणूस पुष्कळदां परत येत नाहीं. वात सुधारली, जवळ जाऊन तिला बत्ती देणारा हात मात्र गरिबाचाच राहिला.

हिंदींत सुरंग म्हणजे आजही भुयार. रेल्वे डोंगरांतून जाते ती सुरंगांतून. मराठीनें वेगळी वांटणी केली. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली, ती ज्या वाटेनें गेली तिला मराठींत बोगदा म्हणतात, आणि सुरुंग या शब्दाकडे स्फोट तेवढा राहिला. त्यावरूनच युद्धांत पेरला तो भूसुरुंग झाला, आणि एखाद्याच्या सत्तेला आंतून पोखरणें म्हणजे सुरुंग लावणें झालें. मेंढपाळाची बासरी, राजाची चोरवाट, बुरुजाखालचें मरण आणि मजुराची भाकर, इतके अर्थ या एका शब्दांत सांठले आहेत.

आज कांदिवलीच्या पूर्वेस उंच इमारती उभ्या आहेत. तेथील डोंगराचा दगड बॅकबेच्या भिंतींत लाटा झेलीत आहे, आणि तो ज्यांनीं फोडला त्यांच्या श्रमाची खूण भाषेनें या एका शब्दांत जपली आहे.